स्वावलंबी घर आणि गागोद्याचे विनोबा



घरचं पीठ, घरची भाजी, घरचे पापड, घरचा साबण. हल्ली भिशी असो, मंदिरातली पाठशाळा असो, हा विषय निघतोच. कोणी गच्चीत वाफे लावलेत, कोणी घरघंटी घेतली आहे. कोणाच्या यजमानांनी मोबाईलवर काहीतरी पाहिलं आणि जाहीर केलं की आजपासून आपण बाहेरचं काही आणायचं नाही. ते ऐकून घरातल्या बाईच्या पोटात गोळा येतो, कारण बाहेरून आणायचं नाही याचा अर्थ बहुतेक वेळा "तू करायचं" असाच असतो.

म्हणून आज पाककृती नाही की टिपा नाहीत, थोडा इतिहास सांगते, तोही आपल्या रायगड जिल्ह्यातला. माझं सासर रोह्याचं आणि नणंद पेणला दिलेली, त्यामुळे या दोन गावांमध्ये आमचं जाणं-येणं सारखं असतं. या वाटेवर गणपतीचे कारखाने दिसतात, पोह्याचे पापड दिसतात, खाडीकडे मिठागरं दिसतात. पण स्वावलंबनाचा ज्यांनी आयुष्यभर प्रयोग केला, ते विनोबा भावे याच पेण तालुक्यातले, हे आपल्यापैकी अनेकींच्या लक्षात नसतं.

फणसाचे गरे आधी कोणाला?

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. नाव विनायक, आई त्यांना "विन्या" म्हणायची. वडील नरहरराव नोकरीसाठी बडोद्याला असायचे. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत विन्या गागोद्यात आजोबा शंभुरावांच्या घरी, आई रुक्मिणीबाईंजवळ वाढला. पुढे सगळं घर बडोद्याला गेलं.

त्या काळातलं कोकणातलं घर आपल्या आज्यांकडून आपण ऐकलेलं आहे. भात आपल्या शेताचा, कांडण घरचं, दळण घरचं. भात निघाल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर वाल येणार. आमसुलं, चिंच, सांडगे, पापड यांची बेगमी पावसाआधी होणार. बाजारातून यायचं ते मोजकंच. आज ज्याला आपण स्वावलंबी घर म्हणतो, ते तेव्हा साधं घर होतं. त्याला वेगळं नावच नव्हतं.

विनोबांनी आईच्या पुष्कळ आठवणी सांगून ठेवल्या आहेत. त्यातली फणसाची मला फार आवडते. घरच्या झाडाला फणस लागला की पोराचा जीव खालीवर व्हायचा. फणस पिकायचा, आई तो फोडायची, गरे द्रोणांत भरायची आणि त्यालाच सांगायची की हे आधी शेजारच्या प्रत्येक घरी देऊन ये. सगळे द्रोण पोचले की मग त्याला जवळ बसवून गोड गरे द्यायची. जो देतो तो देव आणि जो राखून ठेवतो तो राक्षस, ही तिची शिकवण. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाला जेवण मिळायचं नाही, हाही तिचाच नियम.

रुक्मिणीबाईंचं माहेर कर्नाटकातलं, त्या कानडी भजनंही म्हणायच्या. माझं माहेर सांगलीकडचं असल्यामुळे हे वाचून मला त्या अगदी आपल्यातल्या वाटल्या. आमच्या आजीचंही असंच होतं, ओवी मराठीत आणि रागावणं कानडीत.

या घरात जास्तीचं काही साठलं, तर ते आधी गल्लीत वाटलं जायचं. स्वावलंबी घर म्हणजे कुंपण घातलेलं घर नव्हे, हा पहिला मुद्दा मी या फणसातून घेतला.

जात्यावर कोण बसायचं?

या चित्राची दुसरी बाजूही बघायला हवी. असं घर चालवायला पहाटे कोण उठायचं? जात्यावर बाईच बसायची. विहिरीवर जायची बाई, भात कांडायची बाई. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात देवाचं नाव आहे, भावाची वाट पाहणं आहे, लेकीचं कौतुक आहे आणि थकवाही आहे. बाई जात्यापाशी बोलली, कारण दुसरं कोणी ऐकायला नव्हतं. पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हा बायकांना बरंच वाटलं असणार, आणि ते बरोबरच होतं. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा पायलीभर दळून बघावं.

म्हणूनच विनोबांच्या आयुष्यातलं पुढचं वळण मला महत्त्वाचं वाटतं. आईच्या हातातलं जातं मुलाने आपल्या हातात घेतलं.

२५ मार्च १९१६ रोजी विनोबांनी घर सोडलं. इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला मुलगा मधेच सुरतेला उतरला आणि काशीला गेला. तिथून गांधीजींशी पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोचले. गांधीजी तेव्हा भाजी चिरत बसले होते. देशातला एवढा मोठा पुढारी भाजी चिरतो, हेच त्या कोकणातल्या मुलाला नवीन होतं. गांधीजींनी त्याच्याही हातात सुरी दिली. स्वराज्याचा पहिला धडा स्वयंपाकघरात मिळाला!

पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये, विनोबा आश्रमातून रजा घेऊन वाईला गेले. तिथे प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला. त्याच मुक्कामात त्यांनी विद्यार्थ्यांचं एक मंडळ काढलं आणि वाचनालय सुरू केलं. पुस्तकांना पैसे कुठून आणायचे? पंधरा-एक मुलं घेऊन त्यांनी दळणाचा वर्ग काढला. लोकांचं धान्य दळून द्यायचं, दोन शेराला एक पैसा घ्यायचा आणि ते पैसे वाचनालयाला द्यायचे. सुखवस्तू घरची मुलंही जात्यावर बसली. हा वर्ग दोनेक महिने चालला आणि वाचनालयात सुमारे चारशे पुस्तकं जमली.

मैत्रिणींनो, १९१७ सालचं वाई डोळ्यांसमोर आणा. ब्राह्मणांची, व्यापाऱ्यांची मुलं जात्याला बसली आहेत. आया दारातून बघत असतील. कुणी हसलंही असेल. ही मुलं दळत होती ती घरचं दळण वाचवायला नव्हे, पण एक गोष्ट त्यांना कळली असणार की आपल्या ताटातल्या भाकरीमागे किती फेरे असतात.

आधी स्वतः मोजलं

१९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले आणि पुढे नालवाडीला राहू लागले. तिथे त्यांनी सूतकताईचा प्रयोग केला. खेड्यातल्या बायका सूत कातत होत्या आणि त्यांना मजुरी मिळत होती. त्या मजुरीत एका माणसाचं पोट खरोखर भरतं का, हे बघायला विनोबा स्वतः रोज कित्येक तास कातायला बसले. जेवढी मजुरी त्या सुताची होईल तेवढ्यात खाणं बसवायचं. उजव्या हाताने टकळी चालवली, डाव्या हातानेही चालवली. मजुरी अपुरी आहे, हे त्यांना स्वतःच्या ताटावरून कळलं. कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी मिळायला हवी हा विचार १९३५ च्या सुमारास चरखा संघाने स्वीकारला, त्यामागे असे अनुभव होते.

यातली पद्धत आपल्या घराला जशीच्या तशी लागू पडते. आधी कुणाला सांगायचं नाही, आधी मोजायचं. एक किलो पापड लाटायला किती तास लागतात, कोणाचे लागतात, पाठ किती दुखते, हे मोजल्याशिवाय "घरचे पापड स्वस्त पडतात" असं म्हणू नये. ते स्वस्त पडतात, कारण लाटणाऱ्या बाईची मजुरी हिशेबात धरलेलीच नसते.

रोह्याचे देशमुख, पेणचे विनोबा

इथे एक गंमत सांगते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा आणि घर रोह्याचं. म्हणजे विनोबांपेक्षा ते फक्त चार महिन्यांनी लहान. दोघेही जुन्या कुलाबा जिल्ह्यातले. चिंतामणराव १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, नोटेवर त्यांची सही असायची. १९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. आणि त्याच १९५० च्या १ जानेवारीला विनोबांनी पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. आश्रम पैशावाचून चालवून दाखवायचा! एकाच जिल्ह्यातली, एकाच वयाची दोन माणसं. एक देशाचा पैसा सांभाळत होता आणि दुसरा पैशाची गरज किती कमी करता येईल ते पाहत होता. मला दोघांचाही अभिमान वाटतो. घरात तरी आपण काय करतो? एका डब्यात हिशेबाची वही आणि दुसऱ्यात वालाचं बियाणं.

कांचनमुक्तीत आश्रमातल्या माणसांनी विहीर खोदली. पाणी काढायच्या रहाटाला बैल नव्हते. माणसंच तो ढकलत आणि ढकलताना गीताईतले श्लोक म्हणत. ही गीताईसुद्धा आईचीच देणगी. संस्कृत गीता आईला कळत नव्हती, ती सोप्या मराठीत तूच का करत नाहीस, असं तिने विचारलं होतं. आई १९१८ मध्ये गेली आणि गीताई १९३०-३१ मध्ये लिहून झाली.

बैलांशिवाय, हातांनी केलेल्या शेतीला विनोबा ऋषी-शेती म्हणत आणि बैलांच्या शेतीला ऋषभ-शेती. हा शब्द आपल्या कानाला किती ओळखीचा! बैल हे आपल्या आदिनाथ भगवंतांचं लांछन. कर्मभूमीच्या आरंभी लोकांना असी, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प शिकवणारे तेच. शेती आपल्याला परकी नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत आपण घोकले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मुक्या जनावराला बांधणं, मारणं, त्याचे अवयव छेदणं, त्याच्यावर झेपेपेक्षा जास्त भार लादणं, त्याचं दाणापाणी अडवणं. पाचही अतिचार वाचले की डोळ्यांसमोर बैलच उभा राहतो. विनोबांनी त्याच्या खांद्यावरचं जू आपल्या खांद्यावर घेतलं.

पण वाफा खणला तर दोष नाही का?

ही शंका आपल्याकडे हमखास येते आणि ती योग्यच आहे. माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं : "माती उकरायची, पाणी घालायचं, किती जीव जातील. त्यापेक्षा बाजारातून आणलेलं काय वाईट?"

मी पंडित नाही. पाठशाळेत शिकले तेवढंच सांगते. शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. संसारात आरंभी हिंसा टळत नाही, पण ती यत्नाने, जपून आणि कमीत कमी करायची. दुसरी गोष्ट कृत, कारित आणि अनुमोदना यांची. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान्यता दिलेलं, तिन्हीचा बंध असतो. बाजारातल्या कोबीवर फवारणी झाली ती माझ्या डोळ्यांआड झाली, म्हणून ती माझ्या हिशेबातून गेली असं नाही. पैसे देऊन मी ती करवलीच.

म्हणून आमच्याकडे वाफा मोठा नाही. गच्चीत पाच कुंड्या आहेत : दोन मिरचीच्या, एक कढीपत्त्याची, एक पुदिन्याची आणि एक वेलाची. खणणं जवळजवळ नाहीच. गाळलेल्या पाण्याची जिवाणी आपण जपून परत सोडतो, तसाच हात कुंडीतही जपून चालतो. चातुर्मासात कुंड्यांना फार हात लावायचा नाही, पाऊस आपलं काम करतो. वाल मात्र आम्ही रोह्याजवळच्या एका शेतकरी कुटुंबाकडून थेट वर्षाचे घेतो. भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवरच ते येतात, वेगळं पाणी लागत नाही. त्या घरच्या बाईला मधल्या व्यापाऱ्यापेक्षा जास्त पैसे मिळतात आणि आम्हाला चांगला वाल मिळतो.

पिठाचं तर आपल्या घरात नवीन काहीच नाही. मर्यादेचं पीठ आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. महिन्याभराचं पिशवीबंद पीठ आणायचं नसेल तर थोडं थोडं घरी दळणं आलंच. आपल्या आज्या हे धर्म म्हणून करत होत्या, त्यांनी स्वावलंबन हा शब्दही वापरला नसेल.

लक्ष्मीबाईंचे दागिने

आपल्याच समाजातलं एक उदाहरण इथे आठवतं. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोजचा, जैन घरातला. १९१९ मध्ये त्यांनी काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. स्वावलंबी शिक्षण हे रयतचं ब्रीद. मुलांनी कष्ट करायचे आणि शिकायचं. पुढे "कमवा आणि शिका" म्हणून ही योजना महाराष्ट्रभर गाजली.

या स्वावलंबनाच्या पायाशी कोण होतं? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या मुलांना आपली म्हणून रांधून घालू लागली. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा तिने अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये ती गेली. भाऊरावांचे पुतळे आपण गावोगावी पाहतो आणि ते हवेतच. पण स्वावलंबनाचा जयजयकार होतो तेव्हा घरातल्या कोणी काय काढून दिलं, हे विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

विनोबांनी पुढे या प्रश्नाला एक उत्तर दिलं. घर सोडल्याला बरोबर ४३ वर्षं झाली त्या दिवशी, २५ मार्च १९५९ रोजी, पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. हा आश्रम बहिणींसाठी होता आणि बहिणींनीच चालवायचा होता. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या बायका तिथे शेती करतात, स्वयंपाक करतात, झाडलोट करतात, "मैत्री" नावाचं मासिकही काढतात. कामं वाटून घेतलेली असतात, नोकर नसतात आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीने होतात. ध्यान-अध्ययनाला वेळ उरावा एवढ्याच गरजा ठेवायच्या. इथे श्रम तेच, कदाचित जास्तच, पण काय करायचं आणि किती करायचं हे ठरवणारीही तीच बाई. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

निसर्ग वादळाने काय शिकवलं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. रोहा, माणगाव, श्रीवर्धन, मुरूड या भागांत काय झालं ते आपल्याला माहीत आहे. टाळेबंदीचे दिवस, त्यात झाडं, खांब आडवे आणि छपरं उडालेली. आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. घरघंटी बंद, मिक्सर बंद, गावातली गिरणीही बंद. डब्यात गहू भरपूर, पीठ मात्र चार दिवसांचं.

आमच्या आळीत एका मराठा आजींकडे जातं होतं. पापडखारापुरतं वापरात असलेलं ते जातं अंगणात आलं. एका घरचे तांदूळ, दुसऱ्या घरची डाळ, आमचा गहू. वीज नव्हती तेव्हा कॉलेजातली पोरं पाळीपाळीने ओढायला बसली, कारण त्यांचे मोबाईलही बंद होते! कोणाच्या विहिरीचं पाणी, कोणाची चूल, कोणाचे सोलर दिवे. ज्या घरात सगळं काही होतं असं एकही घर नव्हतं. सगळ्या आळीत मिळून मात्र सगळं होतं.

पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचेच, जन्म १९ ऑक्टोबर १९२०. त्यांच्या स्वाध्याय परिवारातल्या योगेश्वर कृषीचा विचारही याच वाटेवरचा. गावाने एक शेत सांभाळायचं, प्रत्येकाने वर्षातले एक-दोन दिवस पुजारी म्हणून तिथे राबायचं आणि पीक देवाचं मानून गरजूंना द्यायचं. त्यांचा पंथ वेगळा, आपला वेगळा. पण एकट्याने सगळं करायचं नसतं, पाळी लावायची असते, ही गोष्ट गागोद्याचा फणस, रोह्याचं शेत आणि आमच्या आळीतलं जातं तिन्ही सांगतात.

आमच्या घरची पहिली पावलं

आमच्या घरीही गेल्या वर्षी हा उत्साह आला. यजमानांनी यादी केली : साबण, तूप, पापड, मसाले, पीठ, भाजी. बावीस गोष्टी होत्या. मी ती यादी घेतली आणि शेजारी एक रकाना आखला, "कोण करणार?" तो रकाना भरेपर्यंत काही सुरू करायचं नाही असं ठरलं. दोन दिवस घरात शांतता होती. मग यादी चार गोष्टींवर आली.

पहिली गोष्ट वही. एक महिना घरात काय काय येतं ते सगळं लिहिलं. लिहिल्यावर दिसलं की करण्यासारखं थोडं आहे आणि न आणण्यासारखं फार आहे. बिस्किटांचे पुडे, सुगंधी फवारे, तिसरी-चौथी पादत्राणं. भोगोपभोग परिमाण व्रत आपण पूजेच्या वेळी म्हणतो, ते किराणा दुकानाच्या पावतीवरही लावता येतं. जी वस्तू लागतच नाही ती घरी बनवावीही लागत नाही.

दुसरी गोष्ट पीठ. मंगळवार आणि शनिवार दळण मुलाकडे. धान्य निवडणं, किडा-मुंगी पाहणं सासूबाई आणि मी करतो. घरघंटी लावणं, पीठ चाळणं, घरघंटी पुसून ठेवणं हे त्याचं. दहावीची परीक्षा होती तेव्हाही त्याने पाळी सोडली नाही, उलट तेवढाच विरंगुळा म्हणाला.

तिसरी गोष्ट पापड. आम्ही सगळे घरी करत नाही. मुगाचे पापड मे महिन्यात दोन दिवस बसून घरातले सगळे मिळून लाटतो, यजमान पीठ कुटतात. पोह्याचे पापड मात्र नणंदेच्या ओळखीच्या पेणच्या बायकांकडून घेतो आणि भाव करत नाही. त्यांचं स्वावलंबन आमच्या खरेदीवर उभं आहे. सगळ्या घरांनी सगळं स्वतःच केलं तर त्या बायकांनी काय करायचं?

चौथी गोष्ट द्रोण. दळलेल्या, वाळवलेल्या, पिकवलेल्या प्रत्येक गोष्टीतला पहिला वाटा घराबाहेर जातो. मुलगी तो नेऊन देते. पुदिन्याच्या चार काड्या का असेना. दशलक्षणात उत्तम त्याग आणि उत्तम आकिंचन्य लागोपाठ येतात, ते मुलांना व्याख्यानापेक्षा या द्रोणातून लवकर कळतं असा माझा अनुभव आहे.

एवढंच. वर्ष झालं, पाचवी गोष्ट अजून यादीत आलेली नाही, कारण तिच्या रकान्यात अजून फक्त माझंच नाव येतं. दुसरं नाव येईल तेव्हा ती येईल.

विनोबांचं आपल्या समाजावर एक ऋण आहे. सगळ्या जैन पंथांना मान्य होईल असा एक सारग्रंथ हवा, हा आग्रह त्यांनी धरला. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, १९७४ मध्ये, जिनेंद्र वर्णीजींनी संकलित केलेल्या "समणसुत्तं"ला सर्व आम्नायांच्या मुनींनी आणि विद्वानांनी एकत्र बसून मान्यता दिली. त्यात ७५६ गाथा आहेत. गीतेनंतर आपल्यावर सर्वांत जास्त प्रभाव महावीरांचा आहे, असं विनोबा सांगत. शेवटच्या आजारात त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला देह ठेवला. तो दिवस दिवाळीचा, आपल्या भगवंतांच्या निर्वाणाचा.

पेणहून गागोद्याला जायचा योग आला तर नक्की जा, मुलांना घेऊन जा. आणि घरी आल्यावर यादी करायची असेल तर जरूर करा. फक्त तो दुसरा रकाना आखायला विसरू नका, आणि तो भरताना पेन घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरू द्या. तुमच्या यादीत काय राहिलं आणि काय गळलं ते मला कळवा. पुढच्या वेळी वालाची साठवण आणि चातुर्मासातली डाळींची उन्हं यांवर लिहीन.

जय जिनेंद्र.